किनाऱ्यासाठी द्रव्य

खंडाळा तालुक्याच्या नकाशावर समुद्र कोठेही नाही. उत्तरेस नीरा नदीने आखून दिलेली हद्द, दक्षिणेस खंबाटकीचा घाट, मध्ये शिरवळपासून लोणंदपर्यंत पसरलेली बेताच्या पावसाची जमीन, असा हा मुलूख असून येथील शेतकऱ्याची दृष्टी पूर्वापार आभाळाकडे आणि वीर धरणाच्या पाण्याकडे लागलेली आहे. तथापि या धरणातून पुढे जाणारी नीरा नरसिंगपूर येथे भीमेला मिळते, भीमा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा श्रीशैलम, नागार्जुनसागर व विजयवाडा ओलांडून हंसलदीवीच्या परिसरात बंगालच्या उपसागरात उतरते. याच सातारा जिल्ह्याच्या माथ्यावर, महाबळेश्वरास उगम पावणारी सावित्री मात्र पश्चिमेकडे उडी घेऊन बाणकोटच्या खाडीस जाते. आणि कोयनेचे अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी उतरून, वीज निर्माण करून, वाशिष्ठी नदीच्या मार्गाने चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते. एकाच जिल्ह्यावर पडलेला पाऊस अशा रीतीने दोन समुद्रांना पोचत असल्यामुळे, किनाऱ्याच्या रक्षणासाठी द्रव्य कसे मिळते हा प्रश्न आम्हां घाटावरच्या लोकांना परका मानता येत नाही.

किनारा राखण्याचे दोन मार्ग आपल्या सरकारी दप्तराला ठाऊक आहेत. पहिला दगडाचा. समुद्र जमीन खाऊ लागला की गावकरी निवेदन देतात, लोकप्रतिनिधी शिफारस करतात आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे अंदाजपत्रक तयार होते. त्याची लांबी मोजता येते, दगडाचा दर ठरलेला असतो, कंत्राट देता येते आणि काम पुरे झाल्याचा दाखलाही डोळ्यांनी पाहून देता येतो. त्यामुळे तिजोरीतून पैसा सुटण्यास तो सर्वतोपरी सोयीचा ठरतो. परंतु ताठ भिंतीवर आपटलेली लाट आपले बळ तेथेच टाकून देत नाही. ती उलटून पायथ्याची वाळू उकरते, आणि भिंत जेथे संपते तेथून पुढच्या गावाची जमीन पूर्वीपेक्षा अधिक वेगाने खाऊ लागते, असा अनुभव जगातील अनेक किनाऱ्यांवर आलेला आहे.

दुसरा मार्ग सजीवांचा आहे. खाडीच्या मुखाशी आणि काठच्या खाजणात तिवर, कांदळ, चिपी ही झाडे उभी असतात. त्यांची श्वसनमुळे व आधारमुळे भरतीच्या पाण्याचा वेग मोडतात, मंदावलेले पाणी आपल्याबरोबर आणलेला गाळ तेथे टाकते, त्या गाळाने जमीन कणाकणाने उंचावते, आणि उंचावलेल्या जमिनीवर झाडांची पुढची पिढी रुजते. १९९९ साली ओडिशावर जे महाचक्रीवादळ आले त्यातील मृत्यूंचा केंद्रपाडा जिल्ह्यातील गावागणिक अभ्यास सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या अर्थशास्त्रज्ञांनी करून २००९ साली प्रसिद्ध केला. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडे २०२०च्या जून महिन्यात रायगड-रत्नागिरीच्या नारळी-पोफळीच्या वाड्या ज्या ‘निसर्ग’ वादळाने आडव्या केल्या, त्यानंतर तरी या ज्ञानाचे मोल आपणांस कळावयास हवे.

मात्र ज्ञान पटले तरी द्रव्य मिळतेच असे नाही. कांदळवनाचे अंदाजपत्रक रनिंग मीटरवर मांडता येत नाही, त्याचा उपयोग दिसू लागण्यास वर्षे जातात, आणि ज्या चिखलावर ते वाढावयाचे तो चिखल नेमका कोणाच्या मालकीचा हे पुष्कळदा खुद्द तलाठ्यालाही निश्चित सांगता येत नाही. यास्तव या कामासाठी अनुदान मिळविणे ही स्वतंत्र विद्या झाली आहे, आणि ती विद्या किनाऱ्याच्या जाणकारीतूनच उगवते, केवळ लेखनचातुर्यातून उगवत नाही, असे माझे मत आहे.

आता हे द्रव्य येते कोठून ते पाहू. महाराष्ट्राने २०१२ साली वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि पुढे त्यास जोड म्हणून कांदळवन प्रतिष्ठान उभारले. सिंधुदुर्गात जागतिक पर्यावरण सुविधा निधी व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने मालवणच्या किनाऱ्यासाठी जो प्रकल्प झाला, त्यात झाडांबरोबर माणसांच्या पोटाचाही विचार झाला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्त्रियांचा बचत गट होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवू लागला तो त्याच काळात. याहून मोठे दान आले हरित हवामान निधीकडून. हा निधी २०१० साली राष्ट्रांच्या परिषदेत स्थापन झाला आणि त्याचे मुख्य कार्यालय दक्षिण कोरियातील सोंगदो येथे आहे. २०१८च्या ऑक्टोबरात त्याने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यांसाठी सुमारे ४ कोटी ३४ लक्ष डॉलरांचे अनुदान मंजूर केले. एकंदर खर्च मात्र सुमारे १३ कोटी डॉलरांचा धरला होता. म्हणजे परकी एका डॉलरामागे घरचे दोन डॉलर घालण्याची कबुली केंद्र व राज्य सरकारांना द्यावी लागली. मोठी अनुदाने बहुधा अशीच येतात, आणि जो आपल्या ओंजळीत काही धरून उभा राहत नाही त्याच्या पदरात सहसा काही पडत नाही.

या निधीपुढे एखाद्या गावाला स्वतः अर्ज करता येत नाही. सोंगदोहून निघालेली रक्कम मान्यताप्राप्त संस्थेकडे, तेथून केंद्रीय मंत्रालयाकडे, तेथून राज्याकडे, मग कक्षाकडे आणि शेवटी गावच्या समितीकडे, अशा पायऱ्यांनी उतरते. गावाच्या हाती राहते ती एकच गोष्ट: निवड करणारा अधिकारी जेव्हा तालुक्यात येईल तेव्हा आपला कागद, आपली जागा आणि आपली माणसे तयार असणे.

आणखी एक उदाहरण आमच्या विशेष आस्थेचे आहे. क्योटो करारान्वये निर्माण झालेला अनुकूलन निधी नावाचा एक कोश असून, कार्बनपत्रांच्या व्यवहारातील दोन टक्के हिस्सा त्यात जमा व्हावा अशी त्याची मूळ योजना होती. भारतात या कोशापुढे प्रस्ताव नेण्याची सनद २०१२ साली नाबार्ड या शेतीच्या बँकेला मिळाली, आणि नाबार्डमार्फत २०१३ साली मंजूर झालेल्या कामांत एक होते कृष्णेच्या मुखावरचे. सुमारे ६ लक्ष ८९ हजार डॉलरांचे हे अनुदान आंध्रातील कृष्णा जिल्ह्यासाठी होते; काम एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेने केले. आणि त्यात मत्स्यतळ्यांच्या बांधांवर व आत कांदळवन वाढवून, झाड आणि मासळी एकाच पाण्यात नांदविण्याची पद्धती गावकऱ्यांना शिकविण्यात आली. नीरेचे पाणी ज्या मुखातून समुद्रास मिळते त्या मुखासाठी ग्रामीण कर्जपुरवठ्याच्या बँकेने आंतरराष्ट्रीय द्रव्य आणले, ही गोष्ट खंडाळ्याच्या वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

देशी द्रव्याचेही मार्ग आहेत. २०२३च्या अर्थसंकल्पात केंद्राने ‘मिष्टी’ नावाची योजना जाहीर केली. ९ राज्ये व ४ केंद्रशासित प्रदेश मिळून सुमारे ५४० चौरस किलोमीटरांवर पाच वर्षांत कांदळवन उभारावे असा तिचा संकल्प होता. यासाठी नवी थैली उघडण्याऐवजी रोजगार हमीची मजुरी आणि वनभरपाईचा निधी एकत्र जोडावा, असे त्या वेळी ठरले. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मागेल त्याला काम ही कल्पना ज्यांनी हट्टाने पुढे नेली ते वि. स. पागे सांगली जिल्ह्यातील विसापूरचे, आणि तिचा पहिला प्रयोग १९६५ साली झाला तो तासगाव तालुक्यात. दुष्काळी माळावर खडी फोडणाऱ्या मजुराच्या भाकरीसाठी जी योजना जन्मास आली, तिच्याच धर्तीच्या मजुरीतून खाऱ्या चिखलात रोपे लागावीत, यात मला आपल्या भागाचे एक ऋण समुद्राकडे पोचल्यासारखे वाटते. वनभरपाईच्या निधीविषयी मात्र सावधपणा हवा. एका ठिकाणचे जंगल तोडल्याबद्दल जी रक्कम भरली जाते ती दुसरीकडे लावणीस मिळते, हे ठीक. पण जुने, रुजलेले वन आणि नवे रोप यांची किंमत सारखी धरणे हा हिशेब निसर्गाला मान्य नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा हा तिसरा मार्ग. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांनी आपल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के लोकोपयोगी कामावर खर्चावयाचे असतात, आणि जेथे कारखाना असेल त्या परिसरास प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचा पैसा त्यामुळे साहजिकच तालुक्यातील शाळा, पाणी व रस्ते यांकडे वळतो, आणि ज्या सागरी तालुक्यांत कारखाने थोडे तेथे हा ओघही थोडाच राहतो. परदेशी देणगीचा मार्ग २०२०च्या दुरुस्तीनंतर अरुंद झाला आहे: रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठराविक शाखेत उतरली पाहिजे, प्रशासनावर वीस टक्क्यांहून अधिक खर्च होता कामा नये, आणि मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास मनाई आहे. मोठ्या संस्थेच्या छायेत काम करणाऱ्या गावपातळीवरील लहान मंडळांची त्यामुळे अडचण झाली आहे, आणि किनाऱ्याचे खरे ज्ञान बहुधा अशाच मंडळांजवळ असते.

द्रव्याचे मार्ग सांगणे सोपे. अर्ज ज्या खडकावर फुटतो तो खडक म्हणजे जमीन. भरतीच्या वेळी पाण्याखाली आणि ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी जागा महसूल खात्याची असू शकते, वनखात्याची असू शकते, मेरीटाइम बोर्डाच्या बंदरहद्दीत असू शकते, मिठागर आयुक्तांच्या ताब्यातली असू शकते, खारभूमी विकासाच्या योजनेत आलेली असू शकते, अथवा कोणा शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर भातखाचर म्हणून चढलेली असून, बांध फुटल्यामुळे गेली कित्येक वर्षे खाडीच झालेली असू शकते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनाच्या तोडीस बंदी करून शासकीय जागेवरील कांदळवने वन म्हणून संरक्षित करण्याचा आदेश दिला आणि २०१८ साली त्यावर अंतिम निर्णय दिला. त्या आदेशांनी वनाचे रक्षण झाले यात संशय नाही. पण त्यांच्यामुळेच, आपल्या बुडीत शेतात एकदा तिवर उगवू दिले की ती जमीन कायमची हातची जाईल, अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात बसली, आणि या भीतीचे निराकरण न करता लिहिलेला प्रस्ताव कागदावर कितीही देखणा असला तरी पहिल्याच ग्रामसभेत बुडतो. म्हणून जाणता अर्जदार प्रथम मोजणी करून घेतो, गटवार नकाशा काढतो, वहिवाट कोणाची आहे, मासेमारीची वाट कोठून जाते, होड्या कोठे लागतात, कालवे आणि तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रिया कोणत्या चिखलात उतरतात, याची नोंद करतो, आणि प्रत्येक खात्याची संमती मिळवून मगच रोपांच्या संख्येकडे वळतो.

दुसरी परीक्षा पाण्याची. देणगीदाराला आकडा हवा असतो, आणि आकड्याच्या हव्यासापोटी जेथे जागा रिकामी दिसेल तेथे रोपे खोचण्याचा मोह होतो. फिलिपाईन्समध्ये अनेक वर्षे अशी लावणी झाली. समुद्राच्या बाजूच्या सखल चिखलावर, जेथे मुळात कांदळवन कधी नव्हते, तेथे रोपे लावली गेली आणि त्यांतील बहुसंख्य मेली, असे तेथील संशोधकांनीच नमूद केले आहे. जागा रिकामी असते त्यास बहुधा कारण असते. उधाणाचे पाणी कोठवर चढते, भांगेच्या दिवसांत कोणता भाग कोरडा राहतो, गोडे पाणी कोणत्या ओढ्याने येते आणि कोणत्या रस्त्याच्या भरावाने अडले आहे, हे न पाहता केलेली लावणी म्हणजे द्रव्याचा अपव्यय. तामिळनाडूतील पिचावरम येथे याच्या उलट घडले. इंग्रजी अमदानीत तेथील कांदळवनाचे पट्टे पाळीपाळीने साफ तोडले गेले. उघडी पडलेली जमीन उन्हाने खचून बशीसारखी खोलगट झाली, भरतीचे पाणी त्यात साचून आटू लागले, आणि माती इतकी खारट झाली की काही रुजेना. लोकांनी झाडे तोडली, गुरे चारली म्हणून वन गेले, असा समज दृढ होता. स्वामिनाथन संस्थेने पाण्याची वाट तपासून, मध्ये एक मोठा चर आणि त्यास दोन्ही बाजूंनी तिरपे फुटलेले लहान चर खणून भरती-ओहोटीची ये-जा पुन्हा सुरू केली. क्षार धुऊन गेले, आणि मग लावलेली रोपे जगली. असा प्रस्ताव लिहिणाऱ्यास रोपांच्या स्तंभाआधी चरांचा, उतारांचा आणि क्षारतेच्या मोजमापाचा स्तंभ भरावा लागतो. देणगीदाराला तो सुरुवातीस रुक्ष वाटतो, परंतु परीक्षण करणारा तज्ज्ञ प्रथम तेथेच बोट ठेवतो.

पाण्याबरोबर गाळाचाही विचार हवा, आणि येथे प्रश्न पुन्हा आमच्या दारी येतो. कृष्णेच्या मुखाचा त्रिभुज प्रदेश सहस्रावधी वर्षे वरच्या पठाराच्या मातीने घडला. गेल्या शतकात धरणांची मालिका उभी राहिल्यापासून नदीने समुद्रास नेलेला गाळ अत्यंत घटला आहे, आणि मुखाकडील किनारा काही ठिकाणी मागे सरत आहे. खंडाळ्याच्या रानातून वाहून गेलेली माती वीर धरणात बसते; तिथून सुटलेली श्रीशैलम व नागार्जुनसागरात बसते. धरणातला गाळ उपसून शेतावर पसरण्याची योजना आपल्या राज्यात आहे, आणि ज्या शेतकऱ्याच्या मुरमाड रानाला तो गाळ लाभतो त्याला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. धरण नसते तर हा भाग कसा जगला असता हे आम्ही जाणतो. पण समुद्राची पातळी वाढत असताना ज्या कांदळवनाने गाळावर चढून उंच व्हावयाचे त्याला गाळच अपुरा पडणार, हे सत्य प्रस्तावात स्पष्ट लिहिले पाहिजे, म्हणजे निदान ज्या खाड्यांत आजही गाळ पोचतो त्या निवडता येतील. कोकणातील नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. तेथे उलट अतिगाळाने खाड्या उथळ होण्याचे दुःख आहे. एका किनाऱ्यासाठी मंजूर झालेला नमुना दुसऱ्या किनाऱ्यावर जसाच्या तसा उतरविणारा अर्जदार म्हणूनच फसतो.

तिसरी आणि सर्वांत उपेक्षित बाब म्हणजे मुदत संपल्यानंतरची देखभाल. अनुदान तीन वर्षांचे, फार तर पाच-सहा वर्षांचे. वनाला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. या बाबतीत आपल्या जुन्या कोकणाने एक व्यवस्था सिद्ध केली होती तिचे स्मरण व्हावे. कुलाबा जिल्ह्यातील खारजमिनींवर शिलोत्री नावाची वहिवाट होती. समुद्राचे पाणी बांध घालून अडवावयाचे, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे आणि आतल्या जमिनीत भात काढावयाचे, हा खारबंदिस्तीचा क्रम. आणि बांध राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर त्या शिलोत्रीदारास सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे एक मण धान्य मिळावयाचे, ते बांधाच्या डागडुजीसाठी. बांधाचा खर्च बांधाच्या आतल्या पिकावरच बसविलेला होता. मी या वहिवाटीचे उदात्तीकरण करू इच्छित नाही. कुळांकडून धान्य घ्यावे आणि बांधाकडे पाहू नये असेही खाजणांत घडत गेले, आणि खोतांच्या जुलमाविरुद्ध १९३३पासून सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप याच अलिबागच्या भागात झाला. पण देखभालीचा पैसा कोठून येणार हा प्रश्न त्या जुन्या कागदांत बांध घालतानाच सोडविलेला असे, आणि आजच्या बहुतेक प्रस्तावांत तो शेवटच्या पानावर एका वाक्यात उरकलेला असतो.

महाराष्ट्राच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेत या प्रश्नाला एक उत्तर आढळते. २०१७ पासून चालू असलेल्या या योजनेत गावात सहव्यवस्थापन समिती स्थापन होते, सामूहिक कामासाठी नव्वद टक्के रक्कम शासन देते आणि दहा टक्के गटाने घालावयाची असते. तीतून चिंबोऱ्या पाळणे, कालवांची शेती, पिंजऱ्यात जिताडा वाढविणे असे उद्योग उभे राहतात. ज्याचे पोट खाडीवर, तोच खाडीचा राखणदार, हे यातील सूत्र. पाणलोट विकासाच्या कामात हे सूत्र आपण आधीच पारखले आहे: इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात नाबार्डने व फादर हर्मन बाखर यांच्या सहकाऱ्यांनी गावाला एकदम संपूर्ण रक्कम दिली नाही, प्रथम लहान तुकड्यावर श्रमदानासह काम करून दाखवावयाचे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळून दाखवावयाची, आणि त्या परीक्षेत उतरल्यावर मोठी मंजुरी. किनाऱ्याच्या अनुदानालाही अशी दोन टप्प्यांची रचना मागावी, देणगीदाराने दिली नाही तर अर्जदाराने आपण होऊन सुचवावी, असे मी आग्रहाने म्हणतो. कारण एका पावसाळ्याची उधाणे पाहिल्यावाचून कोणती जागा धरेल आणि कोणती सोडेल हे कोणालाही सांगता येत नाही.

आणि पहिल्या हप्त्याबरोबरच समितीच्या नावे एक वेगळे खाते उघडावे. होडीच्या फेरीतून, चिंबोऱ्यांच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा ठरलेला अंश त्यात पडत जावा, चर बुजले की ते उपसण्यास आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्यास त्यातून खर्च व्हावा, जमाखर्च दर सहामाहीस ग्रामसभेपुढे वाचला जावा, आणि त्या खात्यावर सही करणाऱ्यांत रोज ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या वेचणारी एक तरी स्त्री असावी.